एका खोलीच्या शाळेतले हसू

रमजान सुरू झाला की खेड्यातल्या उर्दू शाळेचे घड्याळ बदलते. बऱ्याच ठिकाणी शाळा सकाळची होते. सहरीला उठलेली, नंतर धड झोप न झालेली मुले डोळे चोळत वर्गात येऊन बसतात. सरांनी हजेरीपुस्तक उघडण्याआधीच एक वेगळी हजेरी सुरू झालेली असते. ती मुलेच एकमेकांची घेतात. "रोजा है क्या रे?" "है." "जबान दिखा." जीभ पांढरट आणि कोरडी दिसली तर रोजा खरा. ओली, गुलाबी दिसली की अख्खा बाक हसतो.

त्यातच पहिली-दुसरीतला एखादा गडी छाती काढून सांगतो, "मेरा एक दाढ का रोजा है." लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. पण थोरल्या भावाचा रोजा असताना आपला नाही, हे त्या वयाला सहन होत नाही. मग घरातली नानी किंवा दादी तोडगा काढते: उजव्या दाढेने रोजा ठेव, डाव्या दाढेने खा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा घरगुती विनोद पोर मात्र गंभीरपणे घेते. शाळेत येईपर्यंत उजवी दाढ घट्ट मिटलेली असते. मग स्वयंपाकखोलीतून खिचडीचा वास येतो.

इकडे सरांपुढे वेगळाच पेच असतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, हे शालेय पोषण आहाराचे प्रमाण. रोज्याची मुले वजा करून किती ताटे, हे सकाळीच सांगावे लागते. चौदा मुले, त्यांत चार पक्के रोजेदार, म्हणजे दहा ताटे, एक किलो तांदूळ. हिशेब सोपा. पण एका दाढेचा रोजा असलेल्यांचे काय? त्यांना अर्धे ताट धरावे की पूर्ण? सरकारी तक्त्यात अर्ध्या ताटाचा रकाना नाही. अनुभवी सर काही न बोलता पूर्ण ताट धरतात आणि ते कधीच उरत नाही.

खेड्यातल्या शाळेत नोकरी केलेल्या कुठल्याही माणसाला सेवानिवृत्तीच्या समारंभात बोलायला उभे करा. असे किस्से तो तासभर सांगेल. श्रोते पोट धरून हसतील. मग नारळ-शाल होईल, चहा होईल, आणि ते किस्से मंडपाबरोबर गुंडाळले जातील. लिहून ठेवणारे फार थोडे. ज्यांनी लिहिले, त्यांची पुस्तके मात्र पन्नास-पन्नास, सत्तर-सत्तर वर्षे लोक वाचत आहेत. हा वाङ्मयप्रकार तसा दुर्लक्षितच. समीक्षक त्याला 'हलकेफुलके' म्हणून बाजूला ठेवतात. खरे तर गावाबद्दल, भुकेबद्दल आणि सरकारबद्दल या हलक्याफुलक्या पानांत जेवढे सापडते, तेवढे अहवालांत सापडत नाही.

१९५५ साली दोन पुस्तके निघाली. एक पुण्या-मुंबईच्या मराठी वाचकांच्या हाती आले, दुसरे लंडनमध्ये छापले गेले. दोघांच्या लेखकांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पहिले व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी' आणि दुसरे 'मिस रीड' या टोपणनावाने डोरा सेंट यांनी लिहिलेले 'व्हिलेज स्कूल'. दोन्हींत एक लहानसे गाव, एक शाळा आणि तिथे शिकवणारा माणूस आहे. दोन्ही पुस्तके कादंबरी म्हणून ओळखली जातात, पण 'मी' म्हणून बोलणारा शिक्षक इतका खरा वाटतो की वाचक ती आठवण म्हणूनच वाचतो. आणि त्यात खोटेही फारसे नाही. माडगूळकरांनी कोवळ्या वयात काही काळ मास्तरकी केली होती. डोरा सेंटही पेशाने शिक्षिका होत्या. लहानपणी त्या स्वतः केंट परगण्यातल्या खेड्याच्या शाळेत शिकल्या होत्या.

'बनगरवाडी' ही धनगरांची वस्ती. ती औंध संस्थानात येते. आजच्या आटपाडी भागातला हा माणदेश म्हणजे पाऊस पडला तर पडला, असा मुलूख. संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. शाळाशाळांतून त्यांनी नमस्कार घालायला लावले. अशा संस्थानातल्या एका वाडीवर राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा पोरगेला मास्तर रुजू व्हायला येतो. शाळा आहे, पण मुले नाहीत. मुले मेंढरांमागे गेलेली. मास्तर घरोघर फिरतो, बापांची मनधरणी करतो. बापांना कळत नाही की मेंढरे सोडून पोराने तिथे बसायचे कशाला. प्रश्न रास्त आहे. त्याला मास्तरकडे लगेच देता येईल असे उत्तर नसते, आणि इथून विनोद सुरू होतो.

मुलांना शिकवायला आलेला मास्तर हळूहळू अख्ख्या वाडीचा कारकून होतो. कुणाचे पत्र वाचून दाखव, कुणाचे लिहून दे, तालुक्याला जातोच आहेस तर एवढे काम कर. कुणाच्या घरातली भांडणेही त्याच्या ओसरीवर येतात. खेड्यात नोकरी केलेला कुठलाही शिक्षक ही पाने वाचताना मान हलवील. अर्ज, दाखले, आधारकार्डावरचे चुकलेले नाव, बँकेचे पासबुक हे सगळे आजही 'सर, जरा बघा' म्हणून शाळेच्याच दारात येते. कागद बदलले, दार तेच राहिले.

या पुस्तकातले एक पात्र रमजानच्या दिवसांत हटकून आठवते. आयबू. वाडीतला एकटा मुसलमान गडी, मास्तरचा सोबती. माडगूळकरांनी त्याला कसलेही प्रतीक केले नाही, त्याच्या तोंडी ऐक्याची भाषणे घातली नाहीत. तो मास्तरला सोबत करतो, त्याच्या उपयोगी पडतो, एवढेच. आडगावी बदली होऊन आलेल्या एकट्या मास्तरला पहिल्या महिन्यात पगारापेक्षा अशा माणसाची गरज जास्त असते, हे ज्याने भोगले त्यालाच कळते. मराठी साहित्यात मुसलमान माणूस इतक्या सहज, काही सिद्ध करायला न लावता, क्वचितच आला आहे.

पुढे मास्तरच्या मनात येते की वाडीत तालीम बांधावी. ज्या वाडीने शाळेकडे पाठ फिरवली, ती तालमीसाठी दगड-माती वाहते. उद्घाटनाला खुद्द राजा येतो. अक्षरासाठी न हललेले गाव कुस्तीसाठी हलले, यावर आज एखादा अधिकारी चिडेल. मास्तर चिडत नाही. गावाला काय हवे ते त्याला कळले, आणि त्या वाटेने गाव त्याच्याकडे आले. या पुस्तकाचे राम देशमुखांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५८ मध्ये आले. अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. तो पाहिलेल्यांनी पुस्तकही वाचावे. डोळे मिचकावत बोलण्याची माडगूळकरांची जी खुबी आहे, ती कॅमेऱ्याला पूर्ण पकडता येत नाही.

आता मिस रीड यांच्या फेअरेकर गावात जाऊ. हे गाव नकाशावर नाही, पण डोरा सेंट ज्या बर्कशायर भागात राहत होत्या तिथले कुठलेही खेडे डोळ्यांपुढे आणले तरी चालेल. शाळेत दोन खोल्या, दोन शिक्षिका. मोठ्या मुलांना मिस रीड शिकवतात, धाकट्यांना मिस क्लेअर. पण शाळेवर खरी सत्ता या दोघींची नाही. ती आहे झाडलोट करणाऱ्या मिसेस प्रिंगल यांची. वर्गातल्या लोखंडी शेगड्या घासून-पुसून काळ्याकुळकुळीत चकचकीत ठेवणे हे त्यांचे जीवितकार्य. त्या शेगड्या पेटवणे मात्र त्यांच्या मनाला फार लागते, कारण पेटवल्या की राख पडते आणि चकाकी जाते. बाहेर कडाक्याची थंडी, आत मुले कुडकुडताहेत, आणि मुख्याध्यापिका शेगडी पेटवायची परवानगी झाडूवालीकडे जवळजवळ मागते आहे. जास्तच आग्रह झाला तर मिसेस प्रिंगल यांचा पाय दुखू लागतो, आणि त्या लंगडत-लंगडत अशा चालतात की सगळ्या शाळेला अपराधी वाटावे.

आपल्याकडच्या शाळेतला शिपाई, स्वयंपाकाची ताई, किल्ली सांभाळणारा शेजारचा म्हातारा यांची ज्यांना ओळख आहे, त्यांना मिसेस प्रिंगल परकी वाटणार नाही. मुख्याध्यापक बदलून जातात. किल्लीवाला म्हातारा तिथेच असतो. कुठल्या खिडकीची कडी लागत नाही आणि कुठल्या पत्र्यातून पाणी गळते, हे त्यालाच ठाऊक असते. नव्या सरांनी पहिल्याच दिवशी त्याला चहा पाजला नाही, तर अख्खे वर्ष कुलूप उघडायला उशीर होतो.

डोरा सेंट २०१२ मध्ये वारल्या तेव्हा त्यांचे वय नव्वदीपार होते. फेअरेकरच्या शाळेवर त्यांनी एकामागून एक पुस्तके लिहिली. त्यांच्या विनोदाला चावा नाही, अशी तक्रार केली जाते. ती थोडी खरी आहे. गावातले दारिद्र्य त्यांच्या पानांत येते, पण लगेच चहाचा कप पुढे येतो आणि धार बोथट होते. मात्र एका गोष्टीत त्या बोथट नव्हत्या. १९७७ च्या 'व्हिलेज अफेअर्स' या पुस्तकात त्यांनी फेअरेकरची शाळाच धोक्यात आणली. पटसंख्या घटली, आता शाळा बंद करणार, अशी कुणकुण लागते. तिथे विनोद एकदम सावध होतो. गावातला प्रत्येक माणूस, शाळेला शिव्या घालणारासुद्धा, एकाएकी शाळेचा होतो. ती शाळा पुस्तकात वाचते. इंग्लंडच्या कितीतरी खेड्यांत ती प्रत्यक्षात वाचली नाही.

मुलांपेक्षाही जास्त किस्से ज्याने पुरवले तो माणूस म्हणजे तपासनीस. जुन्या मराठी शाळांतला 'दिपोटी' हा शब्द इंग्रजी 'डेप्युटी'चा गावठी अवतार. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, आंब्याची पाने बांधली जात, आदल्या दिवशी मुलांना उत्तरे पाठ करून घेतली जात. हुशार मुलाला पहिल्या रांगेत आणि ढ मुलाला त्या दिवसापुरते घरी किंवा रानात. ही युक्ती कुणी कुणाला शिकवली नाही, तरी ती कोकणात होती, विदर्भात होती आणि सातासमुद्रापलीकडेही होती.

तिच्यामागे कारण होते. इंग्लंडमध्ये १८६२ साली नवी नियमावली आली. त्यानुसार शाळेचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि तपासनिसाने घेतलेल्या वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेवर ठरू लागले. मूल नापास झाले की पैसे कापले जात. म्हणजे दिपोटीपुढे अडखळणारे पोर हे शाळेच्या आणि पर्यायाने मास्तरच्या पोटावर येत होते. असल्या पद्धतीची सावली हिंदुस्थानातल्या शाळांवरही पडली. तेव्हा दिपोटीची भीती हा नुसता भित्रेपणा नव्हता.

याच १८६२ च्या नियमांनी मुख्याध्यापकाला एक वही ठेवायला लावली. लॉगबुक. शाळेत घडलेल्या ठळक गोष्टी तिच्यात नोंदवायच्या. पण नियमात एक अट होती: मास्तरने स्वतःची सर्वसाधारण मते वा चिंतन त्यात लिहायचे नाही, घडलेले तेवढेच लिहायचे. बिचारे मास्तर. सुगीमुळे मुले गैरहजर, बटाटे काढायला गेल्यामुळे मुले गैरहजर, बर्फामुळे मुले गैरहजर, अशा नोंदी वर्षानुवर्षे करत राहिले. मत लिहायचे नाही म्हटल्यावर ते कुठेतरी साठणारच. गावच्या शाळेवरचे विनोदी लेखन हे त्या साठलेल्या मतांचे गळते आहे, असे म्हटले तरी चालेल. 'लॉगबुक' हा शब्द आपल्या शाळांतही आला आणि त्याच्या जोडीला 'शेरेबुक' आले. शेरेबुकात साहेब लिहितात, 'शाळा समाधानकारक. सुधारणेस वाव आहे.' या दोन वाक्यांनी किती शाळांचे आयुष्य व्यापले असेल!

दिपोटीची बाजूही पाहिली पाहिजे. ईद जवळ आली की ज्यांची 'ईदगाह' आठवते, हामिदचा चिमटा आठवतो, ते मुन्शी प्रेमचंद काही वर्षे शिक्षणखात्यात सब-डेप्युटी इन्स्पेक्टर होते. १९०९ मध्ये त्यांची बदली हमीरपूर जिल्ह्यातल्या महोब्याला झाली. तिथे खेडोपाडीच्या शाळा तपासत फिरणे हेच त्यांचे काम होते. त्याआधी ते मास्तर होते. चुनारच्या शाळेत त्यांना महिना अठरा रुपये मिळत, पुढे बहराइचच्या सरकारी शाळेत वीस. 'ईदगाह' १९३३ ची, म्हणजे नोकरी सोडून बारा वर्षे झाल्यानंतरची. खिशात तीन पैसे घेऊन जत्रेला निघालेल्या पोराचे मन ज्याला कळले, त्याने कधीतरी धुळीच्या वाटेने जाऊन अशाच पोरांपुढे टेबलामागे बसून प्रश्न विचारले होते. त्या पोरांना तो दिपोटी कसा वाटला असेल, याची नोंद कुठल्याही शेरेबुकात नाही.

तपासनिसाने स्वतःवरच हसायचे ठरवले तर काय होते, ते पाहायला यॉर्कशायरला जावे लागते. जर्व्हेज फिन हे आधी शिक्षक आणि मग नॉर्थ यॉर्कशायरमधल्या शाळांचे तपासनीस. १९९८ पासून त्यांनी डेल्स म्हणजे तिथल्या डोंगरदऱ्यांतल्या शाळांवर आठवणींची मालिका लिहिली आणि ती तुफान खपली. हा मुलूखही मेंढरांचाच. माडगूळकरांची वाडी आणि फिन यांच्या दऱ्या यांच्यात हजारो मैलांचे अंतर, पण शाळेचा स्पर्धक तोच, चार पायांचा आणि लोकरीचा. बनगरवाडीची पोरे मेंढरांमागे जातात. डेल्समध्ये कोकरे जन्मायच्या दिवसांत पोरे गोठ्यात जागतात.

फिन यांच्या पुस्तकात साहेब नेहमी हरतात. शहरातला सुशिक्षित माणूस शेतकऱ्याच्या सात वर्षांच्या पोराला मेंढरांबद्दल काहीतरी विचारतो. पोर त्याच्याकडे दयेने पाहते, आणि मेंढरांच्या जाती, त्यांची दुखणी, बाजारातला भाव यावर साहेबांचीच शिकवणी घेते. वाचनात मागे असलेले हे पोर अडाणी मात्र नाही. त्याच्या डोक्यात साहेबांना न येणारा एक अख्खा विषय आहे. हे तपासनिसाला हसत-हसत कळते, तेव्हा परीक्षा कुणाची चालली होती असा प्रश्न पडतो. फिन यांनी अशा गोष्टी पुढे रंगमंचावरूनही सांगितल्या. आपल्याकडे कथाकथनाला जशी गर्दी होई, तशी तिकडे त्यांना होते.

कथाकथन म्हटल्यावर द. मा. मिरासदारांचे नाव घ्यावेच लागते. अकलूजला जन्मलेला आणि पंढरपूरच्या शाळेत शिकलेला हा माणूस आधी शाळेत शिक्षक आणि नंतर पुण्याच्या महाविद्यालयात मराठीचा प्राध्यापक होता. 'ड्रॉइंग मास्तरांचा तास', 'शिवाजीचे हस्ताक्षर', 'व्यंकूची शिकवणी' या गोष्टी ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकल्या, त्यांना त्या अजून आठवतात. मिरासदारांची गंमत अशी की स्वतः मास्तर असूनही ते शेवटच्या बाकावर बसून लिहितात. मास्तरचे अगतिकपण त्यांना पोरांच्या डोळ्यांतून दिसते. वर्ग हाताबाहेर गेला आहे, हे मास्तरच्या आधी वर्गाला कळते. मिरासदार २०२१ मध्ये गेले. त्यांच्या गोष्टींत कुणी वाईट नसते, आणि म्हणून एखाद्या कडवट वाचकाला त्या गोड वाटतात. पण मास्तरवर हसताना त्याला लहान न करणे ही सोपी गोष्ट नाही. आजच्या मोबाइलवर फिरणाऱ्या 'गुरुजी' विनोदांशी ताडून पाहावे.

कडवटपणा हवा असेल तर रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' ही २००५ ची कादंबरी आहे. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यात प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले. बुलढाण्याकडच्या गावांत हे अभियान शिक्षकांच्या गळ्यात कसे पडले, निरक्षर कसे शोधले गेले, कागदावर कसे शिकले आणि कागदावरच कसे पास झाले, याची ही कहाणी. सगळी यंत्रणा एकमेकांना खोटे सांगते, आणि सगळ्यांना ते ठाऊक असते. वाचताना हसू आवरत नाही आणि हसून झाल्यावर कुणाच्या तरी डोळ्याला डोळा देता येत नाही. पुढे यावर चित्रपटही निघाला. ग्रामीण शाळेवरच्या मराठी लेखनात गेल्या पंचवीस वर्षांतले हे सर्वांत धाडसी पुस्तक म्हणायला हरकत नाही, कारण इथे हसणारा शिक्षक स्वतःलाही सोडत नाही.

या कादंबरीतला कागद आज संगणकात गेला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २७ ने शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले. कागदावर हे फार सुंदर आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत एक सर प्रशिक्षणाला गेले की उरलेले सर पहिलीला पाढे म्हणायला लावतात, दुसरीला शुद्धलेखन देतात, चौथीला भागाकार सांगतात आणि मधल्या सेकंदांत 'माहिती तातडीने भरा' या संदेशाला उत्तर देतात. त्यासाठी नेटवर्क लागते. नेटवर्क टेकडीवर असते. म्हणून कधीकधी चारही वर्ग टेकडीवर जातात आणि त्याला 'परिसर अभ्यास' म्हणतात. असे किस्से कुणी लिहिले, तर ते 'बनगरवाडी'च्या शेजारी ठेवता येतील.

ते लिहिले जाण्याची घाई आहे. २०२३ च्या सुमारास महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे पंधरा हजार शाळा होत्या. २०२३ मध्ये सरकारने अशा शाळांऐवजी 'समूह शाळा' करण्याचा विचार पुढे आणला. मुलांना मोठी शाळा, जास्त सोबती, खेळाचे मैदान, प्रयोगशाळा मिळेल, असा त्यामागचा युक्तिवाद. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सहा मुलांच्या शाळेत कबड्डीचा एक संघसुद्धा पुरा होत नाही, हे खरेच आहे. पण वाडीवरच्या आईला वेगळा प्रश्न पडतो. गाडी कोण आणणार, ओढ्याला पूर आल्यावर ती कुठे थांबणार, आणि नवव्या वर्षाच्या मुलीला एवढ्या लांब पाठवायला तिचा बाप तयार होईल का? मोठ्या शाळेच्या वाटेवर सर्वांत आधी गळते ती मुलगीच. उर्दू माध्यमाच्या वस्तीत हा प्रश्न दुप्पट होतो, कारण जवळची दुसरी शाळा त्या माध्यमाची असेलच असे नाही.

शिवाय काही शाळांचा पट वर्षातून दोनदा बदलतो. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरवर संसार चढतो, त्याच्यावर मुले चढतात. मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. काही मुले आजी-आजोबांजवळ थांबतात, काही थांबत नाहीत. फेब्रुवारीत साहेब आले तर वर्गात पाच मुले. एप्रिलमध्ये आले तर अठरा. यांतली कुठली संख्या खरी मानायची, हे साहेबांनी ठरवायचे. 'बनगरवाडी'च्या शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे घेऊन वाडी निघून जाते आणि मास्तरच्या हाती बदलीचा हुकूम पडतो. माडगूळकरांनी तिथे विनोद केला नाही.

तशी एखादी शाळा अजून चालू आहे. रमजानातला बारावा-तेरावा दिवस असेल. सकाळची शाळा सुटली आहे, सर तांदळाच्या वहीत दिवसाची नोंद करत आहेत. एका दाढेचा रोजा ठेवणारा तो पहिलीतला गडी खिचडी खाऊन, हात धुऊन, ओठ नीट पुसून घरी गेला आहे. संध्याकाळी अजान होईल तेव्हा दस्तरखानावर सर्वांत आधी तोच बसलेला असेल, सर्वांत मोठा खजूर तोच उचलील, आणि आजचा रोजा किती अवघड गेला हे पाहुण्यांनाही सांगेल. दादी मान डोलवील. सरांच्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे जेवल्याची खूण झालेली आहे. रोज्याची नोंद करायला तिथे रकाना नाही. सर पेन बंद करतात आणि उद्यासाठी चौदाचे दहा, दहाचे अकरा, असा हिशेब मनातल्या मनात मांडत सायकल बाहेर काढतात.